नळदुर्गचे ऊन आणि अब्बांचे जुने भिंग

आमच्या घरात दादीचा एकच फोटो आहे. काळा-पांढरा, पोस्टकार्डाएवढा. दादी खुर्चीवर बसली आहे, डोक्यावरून पांढरी चादर घेतली आहे आणि तिच्या चेहऱ्याभोवती दुधासारखा उजेड पसरला आहे. चादरीची कड कुठे संपते आणि उजेड कुठे सुरू होतो, हे सांगता येत नाही. लहानपणापासून आम्ही एकच ऐकत आलो, की हे दादीच्या चेहऱ्यावरचे हजचे नूर आहे. फुफी तर हा फोटो हातात घेतला की डोळे पुसतात.

गेल्या सप्टेंबरमध्ये नळदुर्गच्या किल्ल्यात मला कळले, की तो उजेड कुठून आला. त्याचीच ही हकिकत.

अब्बांचा फोटो स्टुडिओ होता. गावाला आता धाराशिव म्हणतात, पण अब्बांच्या दुकानाच्या रबरी शिक्क्यावर उस्मानाबादच आहे. एक खोली, मागे काळोखी कोठडी, भिंतीवर रंगवलेला पडदा आणि मधोमध तीन पायांवर उभा असलेला लाकडी कॅमेरा. अब्बा डोक्यावर काळे कापड घेऊन आत बघत, मग भिंगाचे झाकण काढत, 'एक-दो' मोजत आणि झाकण परत लावत. त्या कॅमेऱ्याला खटका नव्हताच. अब्बांचा हात हाच खटका. पुढे रंगीत फोटो आले, मग मोबाइल आले आणि दुकान बंद झाले. लाकडी कॅमेरा वाळवीने खाल्ला. भिंग मात्र अब्बांनी मलमलच्या फडक्यात गुंडाळून लोखंडी पेटीत ठेवले होते.

हे भिंग त्यांनी तरुणपणी हैदराबादच्या जुन्या बाजारात घेतले. त्याच्या कडेवर कोरले आहे: कार्ल झाइस येना, टेसार, १ : ४.५, १३.५ सेंटिमीटर. टेसार ही रचना जर्मनीत पॉल रुडॉल्फ यांनी १९०२ मध्ये केली. पुढच्या काळात जगभरच्या कॅमेऱ्यांत ती इतकी पसरली, की आपल्या आजोबा-पणजोबांचे कित्येक फोटो अशाच भिंगांतून उतरलेले असणार. चार काचा, त्यांतल्या मागच्या दोन एकमेकींना चिकटवलेल्या.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, विज्ञान नाही. म्हणून आधी माझ्या प्रांतातली गोष्ट सांगते. उर्दूत भिंगाला 'अदसा' म्हणतात. हा शब्द अरबीतल्या 'अदस'वरून आला आहे आणि अदस म्हणजे मसूर. मसुरीचा दाणा दोन्ही बाजूंनी फुगीर असतो, भिंगही तसेच. लॅटिनमधला 'लेन्स' हा शब्दही मसुरीचाच. सूरह बकरामध्ये बनी इस्राईलने मूसा अलैहिस्सलाम यांच्याकडे जे जिन्नस मागितले, त्यांत हे अदस आहे. रोजच्या डाळीतला दाणा आणि कॅमेऱ्याची काच यांचे नाव एकच, हे मुलांना सांगितले की वर्गात हशा होतो. पण शब्द लक्षात राहतो.

आणि प्रकाशाची विद्याही आपल्याला परकी नाही. बसऱ्यात जन्मलेले इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकाच्या सुरुवातीला काहिरात 'किताब अल-मनाझिर' लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर जातात आणि वस्तूला शिवतात, असे त्यांच्या आधीचे मोठमोठे विद्वान मानत. त्यांनी दाखवून दिले, की उजेड वस्तूवरून निघतो आणि डोळ्यात येतो. काळोखी खोली आणि बारीक छिद्र घेऊन त्यांनी प्रयोग केले. अब्बांची दुकानामागची कोठडी आणि लाकडी पेटी हे त्याच वाटेवरचे फार पुढचे मुक्काम.

आता भिंगाच्या खोडीकडे येऊ. काच कितीही स्वच्छ असली, तरी तिच्यावर पडणारा सगळा उजेड आरपार जात नाही. खिडकीच्या तावदानात आपला चेहरा दिसतो तो यामुळेच. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून शंभरातला सुमारे चार भाग उजेड परत फिरतो. टेसारमध्ये असे सहा पृष्ठभाग आहेत. हिशेब केला तर शंभरातला साधारण अठ्ठ्याहत्तर भाग नीट पोहोचतो. राहिलेला बावीस भाग सगळाच बाहेर जातो असे नाही. त्यातला काही काचांच्या मधल्या मध्ये उड्या मारत राहतो आणि शेवटी फिल्मवर नको तिथे पडतो. काळे काळे राहत नाही, राखाडी होते. दिवा किंवा उघडी खिडकी समोर असेल तर तिच्याभोवती धुके पसरते.

यावरचा उपाय एका दोषातूनच सापडला. १८९० च्या दशकात हॅरल्ड डेनिस टेलर या इंग्रज कारागिराच्या ध्यानात आले, की ज्या जुन्या भिंगांवर हवेने डाग चढून रंगाची झाक आली आहे, त्यांतून उजेड कमी नाही, उलट जास्त जातो. काचेवरचा तो पातळ थर उजेडाला परत फिरू देत नव्हता. मग १९३५ मध्ये झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पेटीत काचेवर मुद्दाम असा थर चढवण्याची रीत काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर ती सगळीकडे रूढ झाली. आजच्या भिंगात निळी-जांभळी-हिरवी झाक दिसते ती या लेपांची. झूम भिंगात पंधरा-पंधरा काचा असतात. लेप नसता तर अशा तीस पृष्ठभागांतून शंभरातला तीस भागही उजेड पोहोचला नसता. अब्बांचे भिंग या लेपाच्या आधीचे. त्यात बघितले तर निळे-जांभळे काही नाही, नुसते पांढरे प्रतिबिंब.

माझा मुलगा कॉलेज करून लग्नाचे फोटो काढतो. त्याच्याकडे नव्या जातीचा, आत आरसा नसलेला कॅमेरा आहे. आरसा नसल्याने या कॅमेऱ्यांची पेटी उथळ असते आणि त्यामुळे जवळपास कुठलेही जुने भिंग पुढे बसवता येते. मधे योग्य अंतर ठेवले की झाले. त्याने नानांची पेटी उघडली आणि ते भिंग मागितले. अब्बा आधी म्हणाले, "नक्को रे, पुरानी काच है, क्या आता उसमें?" दोन दिवसांनी स्वतःच फडक्यातून काढून दिले.

जोडणी साधी होती. पातळ प्लायवूडला गोल भोक पाडून त्यात भिंग बसवले, मागे जुना घडीचा भाता लावला आणि भात्याचे दुसरे तोंड कॅमेऱ्याला जोडले. भाता लांब-आखूड केला की जवळचे-लांबचे स्पष्ट होते. कॅमेऱ्याला हे भिंग ओळखू येत नाही, म्हणून 'भिंग नसतानाही फोटो काढ' अशी सोय त्याच्या यादीतून चालू करावी लागते. बाकी सगळे हाताने.

पहिले फोटो मात्र पार पांढुरके आले. तेव्हा अब्बांनी कारण सांगितले. हे भिंग नऊ बाय बारा सेंटिमीटरच्या प्लेटसाठी बनले आहे. मुलाच्या कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी पट्टी तिच्या तिसाव्या हिश्शाएवढी. म्हणजे भिंग मोठ्या दस्तरखानाएवढा उजेड आत आणते आणि ताट एकच मांडलेले. उरलेला उजेड भात्याच्या भिंतींवर आपटून परत येतो आणि चित्रावर सांडतो. उपाय दोन: आतून सगळे गडद काळे करणे आणि भिंगापुढे खोल 'टोपी' लावणे, म्हणजे बाजूचे ऊन काचेवर पडत नाही. अब्बांनी डोक्यावर घ्यायचे ते जुने काळे कापड कापून दिले. आतले अस्तर त्याचे झाले. टोपी काळ्या पुठ्ठ्याची केली.

"अब चलो नळदुर्ग," अब्बा म्हणाले. "इस काच का इम्तिहान वहाँ होता."

सप्टेंबरमधल्या एका रविवारी सकाळी आम्ही निघालो. अब्बा, मी, मुलगा आणि दहावीतली माझी मुलगी. तुळजापूरला चहा घेतला आणि नळदुर्गची वाट धरली. पाऊस चांगला झाला होता. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळे पडायला लागले होते, मधेच तुरीचे हिरवे पट्टे. नळदुर्ग सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आहे. सोलापूरहून साधारण पंचेचाळीस किलोमीटर. उस्मानाबादच्या आधी जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गच होते. १८५३ मध्ये निजामाकडून हा मुलूख इंग्रजांकडे आला, तेव्हा कारभार पाहायला आलेला मेडोज टेलर इथेच राहत होता. १९०४ मध्ये ठाणे धाराशिवला गेले आणि नळदुर्ग मागे पडला. मोठी माणसे निघून गेल्यावर वाडा जसा शांत होतो, तसे हे गाव आहे.

किल्ला मात्र शांत नाही. बोरी नदीचे पाणी अडवून, वळवून, किल्ल्याच्या कामाला लावले आहे. मुख्य किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ यांच्यामध्ये दगडी बंधारा आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातले, म्हणजे सतराव्या शतकाच्या सुरुवातीचे हे काम. भरल्या पावसात बंधाऱ्यावरून दोन धारा कोसळतात, त्यांना लोक नर आणि मादी म्हणतात. आत पायऱ्या उतरून गेले की खोली आहे, नक्षी आहे, खिडकी आहे आणि खिडकीसमोर पाण्याचा पडदा. चारशे वर्षे पाण्याचा मार सोसून बंधारा उभा आहे. ज्यांनी दगड घडवले त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत. अल्लाह त्यांना जझा देवो.

अब्बा का म्हणाले, की काचेची परीक्षा इथे होते, हे दहा वाजताच कळले. आपल्या मराठवाड्याचे ऊन पांढरे आणि सरळ असते, किल्ल्याचा दगड काळा. उन्हातली भिंत डोळे दिपवते आणि तिच्याच सावलीत काही दिसत नाही. आधी मुलाने नव्या भिंगाने उपळी बुरुजाच्या पायऱ्यांचा फोटो काढला: ऊन लख्ख, सावली शाईसारखी काळी. मग जुने भिंग लावले. सावली राखाडी झाली, दगडाचे उंचसखलपण त्यात मऊ दिसू लागले. रंगही उतरल्यासारखे, खूपदा धुतलेल्या सुती कापडासारखे.

मुलगा म्हणाला, "अम्मी, सावलीत जास्त दिसायला लागलं." अब्बांनी लगेच अडवले. सावलीत जास्त दिसत नाही. इकडचा-तिकडचा उजेड सांडून सावली फिकी झाली आहे, एवढेच. जे टिपलेच नाही ते धुक्यातून येत नाही. मला हे फार आवडले. आपल्या वस्तूचे कौतुक करताना माणूस सहसा इतका खरा हिशेब देत नाही.

मग अब्बांनी नातवाला शिकवले, तसे त्यांच्या उस्तादांनी त्यांना शिकवले असेल. आधी सूर्य कुठे आहे ते बघ, मग फोटो कशाचा काढायचा ते ठरव. टोपी लावली तरी हाताची सावली भिंगावर धर. हात हलवत पडद्यावर बघत राहा. एका जागी धुके एकदम ओसरते, तीच जागा. आणि सूर्याकडे भिंग सरळ कधीही धरायचे नाही, डोळाही जाईल आणि कॅमेराही. अब्बांच्या काळी प्लेट धुऊन बाहेर येईपर्यंत आपण काय बिघडवले ते कळत नसे. आता पडद्यावर जागच्या जागी दिसते. अब्बा हसून म्हणाले, "हमको इत्ता मिला रहता तो कित्ते प्लेटाँ बचते."

पाणी महालाच्या पायऱ्या अब्बांना उतरवणार नव्हत्या. ते वर सावलीत बसले, आम्ही तिघे उतरलो. आत थंडावा आणि पाण्याचा घुमणारा आवाज; शेजारच्याशी बोलायलाही ओरडावे लागत होते. मुलगी खिडकीपाशी आमच्याकडे तोंड करून उभी राहिली, डोक्यावर पांढरी ओढणी. तिच्या मागे कोसळणारे पाणी आणि त्यावर ऊन. नव्या भिंगाने काढले तेव्हा पाणी छान आले, तिचा चेहरा काळा. मुलाने भिंग बदलले. जागा अरुंद होती, भिंतीला पाठ टेकवून तो उभा राहिला आणि गडबडीत पुठ्ठ्याची टोपी लावायची राहिली.

पडद्यावर जे दिसले ते पाहून मी मुलाचा हात धरला. मुलीच्या ओढणीची कड विरघळली होती. चेहऱ्याभोवती दुधासारखा उजेड पसरला होता. कड कुठे संपते आणि उजेड कुठे सुरू होतो, हे सांगता येत नव्हते.

दादीचाच फोटो होता तो. फक्त चेहरा माझ्या मुलीचा.

वर आल्यावर मी कॅमेरा अब्बांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पडदा डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "टोपी भूल गया ना बच्चा? मैं बी भूल्या था."

मग त्यांनी सांगितले. दादीला फोटोचा तिटकारा होता. फोटोबद्दल उलेमांमध्ये मतभेद होते आणि आहेत. दादीने आपल्यापुरते ठरवले होते, की काढायचा नाही. शिवाय परक्या माणसासमोर कशी बसणार? निजामाच्या हैदराबादेत राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये खास पर्द्यातल्या स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ उघडला होता आणि तिथे कॅमेरा चालवायला बाई होती. आमच्या गावात अशी सोय कुठली? पण हजच्या कागदांना फोटो लागतो म्हटल्यावर दादी तयार झाली. फोटो काढणारा पोटचा मुलगाच, म्हणून अडचणही नव्हती. असरनंतर गिऱ्हाईक नाही असे बघून अब्बांनी तिला आणले. आतल्या काळ्या पडद्यांत तिचा जीव घाबरला, म्हणून खुर्ची दाराजवळ ठेवली, दार अर्धे उघडे. आई पहिल्यांदा कॅमेऱ्यापुढे बसली, या घाईत अब्बा भिंगाला टोपी लावायला विसरले. पहिली प्लेट धुऊन बघितली तर धुके. मग खुर्ची फिरवली, दार लावले, टोपी लावली आणि दुसरी काढली. ती स्वच्छ आली. तिच्या प्रती हजच्या कागदांना लागल्या.

दादी मुंबईहून जहाजाने गेली, सुखरूप परतली आणि चार वर्षांनी अल्लाहला प्यारी झाली. त्याच पावसाळ्यात दुकानाचे पत्रे गळले आणि चांगल्या निगेटिव्हचा डबा पाण्यात गेला. बिघडलेल्या प्लेटचा एक छाप तेवढा वहीत राहिला होता. अब्बांनी तो काढला, तेव्हा फुफी तिथे होत्या. त्या रडत म्हणाल्या, "देखो, अम्मा के चेहरे पर हज का नूर."

"फोटो तो हज के पहले का था," अब्बा म्हणाले. "पर वो रो रही थी. मैं क्या बोलता, ये मेरी गलती है?"

इतकी वर्षे ते बोलले नव्हते.

मुलीने तिच्या वयाला शोभेल असा सरळ प्रश्न विचारला, "नाना, मग तो फोटो खोटा?"

अब्बांनी मान हलवली. "झूठा कैसा? दरवाज़े में उजाला था, अम्मा वहाँ बैठे थे. जो था वोच आया. जरा जास्ती आया."

येताना गाडीत मी हाच विचार करत होते. शाळेत आम्ही मुलांना सांगतो, कारण शोधा. कारण सापडले की काहीतरी हरवते, अशी भीती मोठ्यांनाच जास्त असते. पण मला काय हरवले? नूर ही अल्लाहची देन आहे, ती कागदावर शोधायची नसते. कागदावर होता एक घाबरलेला मुलगा आणि दार उघडे ठेवा म्हणणारी त्याची आई. ते दोघे मला त्या दिवसापर्यंत दिसलेच नव्हते.

पुढच्या जुम्म्याला आम्ही फुफींकडे गेलो. अब्बांना धाकधूक होती. त्यांनी स्वतःच सगळे सांगितले. फुफींनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले, दादीचा आणि माझ्या मुलीचा. एकदा इकडे, एकदा तिकडे बघितले. मग म्हणाल्या, "काच का उजाला रहने दो भाईजान, अम्मा तो मेरीच है ना?" आणि मुलीचा फोटो ठेवून घेतला.

वाचक बहिणी-भावांना एक विनंती. कुणाच्या पेटीत, माळ्यावर असे जुने भिंग किंवा कॅमेरा असेल तर भंगारात देऊ नका. भिंग पुसायला पदर, ओढणी, टूथपेस्ट काही वापरू नका. मऊ ब्रशने आणि फुंकणीने धूळ उडवा, तोंडाने फुंकू नका. डबा कोरडा ठेवा, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका, नाहीतर काचेवर बुरशी धरते आणि ती काचेचा पृष्ठभाग कायमचा खराब करू शकते. आणि घरात फोटो काढणारे कोणी वडीलधारे असेल, तर जुने फोटो समोर ठेवून त्यांना विचारा, हा कसा काढला, कोण कुठे बसले होते, दार कुठल्या बाजूला होते. ते सांगायला आहेत तोवर विचारा.

दादीचा फोटो परत भिंतीवर लागला आहे. लावण्याआधी अब्बांनी चौकट उघडली आणि फोटोच्या पाठीवर उर्दूत एक ओळ लिहिली: पहिली प्लेट, टोपी लावायची राहिली. खाली सही केली आणि शेजारी उस्मानाबादचा तो जुना शिक्का मारला.